‘सगळ्या धनुष्यांना चालतात’ म्हणून घेतलेले कार्बन बाण

ऑनलाइन मागवलेले बारा बाण, अडीच हजाराला, आणि वर्णनात ठळक अक्षरात ‘सगळ्या धनुष्यांना चालतात’. तिथंच आमचा बाजार उठला. सेलरचं नाव देत नाही, तसलं लिहिणारे पन्नास जण सापडतील तुम्हाला.

बाणावर ३४० छापलेलं. मला वाटलं मॉडेल नंबर असेल. तो स्पाइन निघाला, म्हणजे २८ इंचांवर दोन्हीकडं टेकवलेल्या नळीच्या मधोमध १.९४ पौंड वजन टांगलं की ती ०.३४० इंच वाकते, आकडा जेवढा लहान तेवढा बाण ताठ. माझा रिकर्व्ह (टोकं पुढं वळलेलं, चाकं नसलेलं धनुष्य) ३६ पौंडांचा, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागतो, त्याला ६०० च्या आसपासचा बाण लागतो. ३४० हा साठ-पासष्ट पौंडांच्या कंपाउंडचा (टोकांना चाकं असलेल्या धनुष्याचा) माल, बाहेरच्या देशात लोक शिकारीला वापरतात तसला.

आणि माझा शहाणपणा बघा, मारून बघायच्या आधीच कापून आणले! कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये गेलो, मामांनी हॅकसॉ बघूनच नको म्हटलं, नळीच्या चिरफळ्या निघतील म्हणाले, ग्राइंडरच्या पातळ कटऑफ व्हीलवर नळी फिरवत फिरवत कापली, तोंडाला मास्क लावून, कारण कार्बनची धूळ फुफ्फुसाला वाईट. काम एक नंबर, पैसेपण चहापुरते घेतले. पण बाण आखूड केला की अजून ताठ होतो हे मला कुठं माहीत! ग्राउंडवर गेल्यावर पिसं नसलेला बाण पिसंवाल्यांच्या सरळ डावीकडं जाऊन बसला (मी उजव्या हाताचा, म्हणजे बाण जास्तच ताठ), सरांनी लांबूनच बघितलं न् हसले. एक बरं झालं, फार आखूड नाही केले, ओढल्यावर रेस्टच्या (धनुष्यावर बाण टेकतो ती जागा) पुढं इंचभर तरी बाण पाहिजेच, मागं घसरला तर थेट धनुष्य धरलेल्या हातात घुसतो.

मालाचं बोलायचं तर नळ्या सरळ आहेत, बोटांवर फिरवल्या तर बारातल्या दहा डगमगत नाहीत. नॉक, म्हणजे बाणाच्या मागची खाच, दोरीवर टक् करून बसतो, टिचकी मारली की सुटतो, असंच पाहिजे. पण इन्सर्टचा (पॉइंट, म्हणजे टोक, बसवायला नळीत चिकटवलेला तुकडा) गोंद म्हणजे थट्टा आहे, तिसऱ्याच दिवशी बाण उपसला तर पॉइंट टार्गेटमध्येच राहिला. सगळे काढून आतून स्पिरिटनं पुसून इपॉक्सीनं परत चिकटवले, रात्रभर ठेवले, त्यानंतर एकपण निघालेला नाही.

एक गोष्ट मात्र लिहितोच, कारण ग्राउंडवर पोरं कंटाळा करतात. प्रत्येक बाण मारायच्या आधी दोन्ही टोकं धरून थोडा वाकवायचा, फिरवून परत वाकवायचा, पिळायचा, कानाजवळ आणायचा. करकर आली किंवा बोटाला चीर लागली की तो बाण तिथंच मोडून टाकायचा, ‘अजून एकदा चालेल’ करायचं नाही. तडकलेला कार्बन सुटताना फुटला तर त्याच्या चिरफळ्या मनगटात जातात. बाणावर बाण बसला असेल तर दोन्ही तपासायचे.

शेवटी हे बारा मित्राला दिले, त्याचं ६० पौंडांचं कंपाउंड आहे, त्याच्याकडं ५० मीटरवर छान गठ्ठा पडतोय. म्हणजे माल वाईट नाही, वर्णन खोटं आहे. बाणांना तीन स्टार, सेलरला एक, उद्यमनगरच्या मामांना पाच.

हां, सोबत सहा ब्रॉडहेड फुकट आलेत, ब्लेडवाले. इथं त्याचं काय करायचं? १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद, गवे बघायला दाजीपूरला जायचं आणि शिकार केलेले, पेंढा भरलेले वाघ बघायला न्यू पॅलेसच्या म्युझियमला. टार्गेटला मारले तर फोमच्या चिंध्या. डब्यात घालून माळ्यावर टाकलेत, भंगारवाल्याला द्यायला निघालो होतो तर आई म्हणाली, त्या गरिबाचा हात कापायचाय का तुला.