नेरूळचं प्लेअर असेसमेंट: ५ पैकी ४, पण बॉल आपला न्या

आमच्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमने कॉन्ट्री काढून तीन महिन्यांचं असेसमेंट घेतलं, म्हणजे मॅच आणि टेस्ट बघून प्रत्येकीचा खेळ मोजतात आणि रिपोर्ट देतात, एकेकीला ८०० पडले. नाव टाकत नाही कारण खाली तक्रारपण आहे, नेरूळला असतं एवढंच सांगते. मी ठाण्याहून ट्रान्सहार्बरने यायचे.

आधी आमच्यात कोण सुधारलं हे बघायचं म्हणजे स्कोअरशीट उघडून पॉइंट मोजायचे, बस. इथे पहिल्याच मॅचला दोघं जण आले, एकाने मोबाईल स्टँडला लावला आणि दुसरा वहीत कोर्ट काढून कुणी कुठून शॉट मारला ते टिपत बसला, आत गेला तर गोल, नाही गेला तर फुली. थ्री (लांबून मारलेला तीन पॉइंटचा शॉट) मारणारीचा पर्सेंटेज कमी दिसतो म्हणून ती कच्ची असं नसतं हे तेव्हा कळलं, १० पैकी ३ थ्री म्हणजे ९ पॉइंट आणि १० पैकी ४ टू म्हणजे ८च.

मग मिनिटं. आमची एक एफवायची मुलगी बेंचवरून येते, ८ मिनिटांत ४ पॉइंट काढते, मी ३२ मिनिटं खेळून १२. पूर्ण ४० मिनिटांवर धरलं तर तिचे २० आणि माझे १५! मला खरंच राग आला होता, पण असेसमेंटच्या सरांनीच सांगितलं की ८ मिनिटांचा आकडा असा ताणला की फुगतो, चार-पाच मॅच बघितल्याशिवाय काही ठरवायचं नाही. हा प्रामाणिकपणा मला फार आवडला.

माझ्या व्हिडिओत दिसलं की मी डावीकडून ड्राइव्ह (ड्रिबल करत रिंगकडे घुसणं) करतच नाही, समोरच्या टीमला ते आधीच कळलं होतं आणि बॉल त्यामुळेच हातातून जायचा. दोन महिने डाव्या हाताने ड्रिबल केलं, शेवटच्या रिपोर्टमध्ये टर्नओव्हर (बॉल समोरच्या टीमकडे घालवणं) कमी झाले पण पॉइंटपण कमी झाले, म्हणजे जुन्या हिशोबाने मी बिघडले असते ना! इथे प्रत्येकीला तिच्याच मागच्या महिन्याशी लावून बघतात.

आता तक्रार. पहिल्या टेस्टला ७ नंबरचा बॉल आणला, तो मुलांचा, मुलींचा ६ असतो. सगळ्यांचे फ्री थ्रो रिंगच्या आधीच पडत होते, आणि पुढच्या महिन्यात ६ नंबरने टेस्ट घेतल्यावर सगळ्याच एकदम सुधारल्या! पहिला आकडाच चुकीचा तर पुढचं काय मोजणार. भांडून पुन्हा टेस्ट करून घेतली, पैसे नाही घेतले त्याचे. रिपोर्टपण आठवडाभर उशिरा आला, मधे एक मॅच गेली. आणि पावसात सिमेंटचं कोर्ट ओलं झालं की जंप टेस्ट पॅसेजमधल्या लादीवर घेतात, ते आकडे धरू नका.

पण त्या एफवायच्या मुलीचे पाच मॅचनंतरही आकडे चांगलेच आहेत, आमच्या टीमच्या मॅडमनी रिपोर्ट बघितला आणि पुढच्या मॅचला तिला १५ मिनिटं देणार म्हणाल्यात.