चामड्याच्या सोलचं चॅनल: रापीचं आणि मशीनचं

चामड्याच्या सोलचा महाग बूट विकताना ‘क्लोज्ड चॅनल आहे’ असं सांगितलं जातं. गिऱ्हाईक बूट उलटा करतं, तळाला टाका दिसत नाही, आणि ते खूश होतं. खरं तर टाका किती खोल दडवला आणि त्यापायी सोलचं किती चामडं कापलं गेलं, हे पाहायला हवं. रापी (चामडं कापायचं हातातलं पातं) आणि मशीन यांच्या कामात फरक पडतो तो तिथेच.

क्लोज्ड चॅनल असं काढतात: सोलच्या कडेपासून ३-४ मिमी आत तिरकी चीर द्यायची, चामड्याचा पापुद्रा उचलायचा, त्याखाली बारीक खोबण काढायची. शिलाई त्या खोबणीत बसते आणि पापुद्रा वरून चिकटवून बंद होतो. ओपन चॅनलमध्ये पापुद्रा नसतो, नुसती खोबण असते आणि टाका उघडा दिसतो. ५ मिमी जाडीच्या सोलला पापुद्रा १ मिमी आणि त्याखालची खोबण अर्धा-पाऊण मिमी पुरते. टाक्याखाली तीन मिमीहून जास्त चामडं उरतं. खोबण निम्म्या जाडीपलीकडे गेली की दोरा ताणला जाताच चामडं चिरतो. (ब्रिटिश कारागीर सोलची जाडी ‘आयर्न’मध्ये मोजतात. १ आयर्न म्हणजे इंचाचा ४८वा भाग. ९ आयर्नचा सोल साधारण पावणेपाच मिमी भरतो.)

हाताच्या कामात निम्मं यश ओलाव्यावर असतं. सोल भिजवून, पाणी निथळून, रात्रभर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावा लागतो, म्हणजे ओल आतपर्यंत सारखी मुरते. कोरड्या सोलवर रापी घसरते आणि पापुद्रा उचलताना मुळाशी तडकतो. फार ओला असेल तर पापुद्रा ताणून लांबतो आणि परत जागेवर बसत नाही, कडेला सुरकुती राहते. चामडं कुठे घट्ट आहे, कुठे सैल, हे हाताला कळतं आणि दाब त्याप्रमाणे बदलतो. चवड्याच्या टोकाशी वळण तीव्र असतं, तिथे चांगला कारागीर रापीचा कोन जपून फिरवतो. पापुद्रा तिथेच सर्वांत आधी झिजतो, म्हणून तिथे तो पातळ होऊन चालत नाही.

मशीनचं पातं एका गाइडला बांधलेलं असतं आणि गाइड सोलच्या कडेला टेकून चालतो. त्यामुळे सरळ भागात चॅनल इतकं एकसारखं निघतं की हाताने तसं काढायला वर्षं जातील. पण कडेचा प्रत्येक उंचवटा चॅनलमध्ये उतरतो. पात्याची धार गेली तर ते चामडं कापण्याऐवजी ओढतं, पापुद्र्याची कड दातेरी होते आणि बंद केल्यावरही रेघ उठून दिसते. बुटाची कंबर, म्हणजे चवडा आणि टाच यांच्यामधला भाग, आत घेतलेली असेल तर गाइडला जागाच मिळत नाही. म्हणून कारखान्यातल्या बऱ्याच बुटांची कंबर रुंद ठेवलेली दिसते. कंबर अरुंद, कड नाजूक हवी असेल तर हातकामाला पर्याय नाही.

ब्लेक शिलाईच्या बुटाला मात्र मशीनचं चॅनल पूर्ण शोभतं. लायमन ब्लेकने १८५८ साली पेटंट घेतलेलं ते यंत्र सोल थेट आतल्या तळाला शिवतं आणि टाका एका दोऱ्याचा, साखळीचा असतो. दोरा झिजून तुटला तर साखळी उसवत जाते. त्यामुळे तिथे पापुद्रा नीट बंद असणं ही सजावट नव्हे, गरज आहे. बुटाच्या वरच्या भागाच्या कडेने शिवलेल्या पट्टीला, म्हणजे वेल्टला, हाताने शिवलेल्या सोलमध्ये मेण लावलेली दोन टोकं एकाच भोकातून आरपार जातात. एक झिजलं तरी दुसरं धरून राहतं.

सर्वांत जास्त बिघाड पापुद्रा चिकटवताना होतो, मग तो हाताचा असो की मशीनचा. शिलाईनंतर सोल सावलीत किमान एक दिवस वाळवावा. उन्हात ठेवला तर पापुद्रा वर वळतो. ओलसर चामड्यावर निओप्रीनचं सोल्युशन धरत नाही. ते दोन्ही अंगांना लावून, हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबून मगच बंद करावं, हातोडीने ठोकावं आणि घासायच्या हाडाच्या पट्टीने घासून रेघ मिटवावी. घाईत केलेलं चॅनल आपल्याकडच्या पहिल्या पावसात उघडतं.

सोल बदलून घ्यायचा असेल तर आमचं मत हाताच्या बाजूने आहे, आणि कारण चॅनलपेक्षा पट्टीचं आहे. आरीने जुनी भोकं शोधून त्यांतूनच शिवता येतं. मशीनची सुई सहसा नवी भोकं पाडते, आणि दोन-तीन वेळा सोल बदलला की पट्टी टपाल तिकिटाच्या कडेसारखी होते. नेहमीच्या ऑफिसच्या बुटाला, पहिल्याच सोलला, मशीनचं चॅनल पुरेसं आहे. फक्त हातकामाचा दर देऊ नका.

दुकानात बूट थोडा वाकवून टोकाशी नखाने रेघ दाबून बघा. रेघ उघडली किंवा पापुद्रा कागदासारखा हलला तर तो जोडा ठेवून द्या आणि त्याच दुकानातला ओपन चॅनलचा जोडा मागा.