ग्रीक नाटक आणि आधुनिक नाटक: ठाण्यातील दोन दिवसांचा अभ्यासवर्ग

तलावपाळीजवळच्या एका छोट्या सभागृहात भरलेल्या या अभ्यासवर्गाच्या पहिल्याच सत्रात शिकवणाऱ्या बाईंनी कागदाच्या लगद्याचा मुखवटा माझ्या तोंडावर चढवला, आणि इसवी सनापूर्वीच्या 5व्या शतकातील अथेन्सच्या नटाला सारा अभिनय आवाजावर आणि देहबोलीवर का पेलावा लागे, हे व्याख्यानाविनाच उमगले. मान किंचित झुकवली की तोच मुखवटा दुःखी दिसतो.

उघड्या आकाशाखाली, भर उजेडात, हजारो प्रेक्षकांसमोर बोलणारे नट बहुधा तीनच असत, तेही सारे पुरुष, आणि सोबतीला नाटककार सॉफोक्लीसच्या काळात 15 जणांचा कोरस, म्हणजे गाणारा-नाचणारा समूह. या कोरसची तुलना आपल्या सूत्रधाराशी करण्याचा मोह मलाही झाला. पण सूत्रधार नाटकाची ओळख करून देतो, तर कोरस बहुतेक वेळा नगरातील माणसांचा समूह म्हणून घटनांमध्येच गुंतलेला असतो, हा फरक बाईंनी फार नेमका मांडला. सॉफोक्लीसच्या नाटकातला राजा इडिपस स्वतःचे डोळे फोडतो, हे प्रेक्षकांना दिसत नाही, दूताच्या तोंडून कळते. तो उतारा वाचला जात असताना सभागृहात कोणी हललेसुद्धा नाही.

त्या मानाने आधुनिक नाटकावर अन्याय झाला. नॉर्वेचा नाटककार इब्सेन याच्या 1879 सालच्या 'अ डॉल्स हाउस'मध्ये ग्रीक नाटकातल्या देववाणीच्या, म्हणजे देवाच्या भविष्यवाणीच्या, जागी कर्जरोख्यावरील खोटी सही येते आणि राजवाड्याच्या दाराऐवजी मध्यमवर्गीय दिवाणखाना, हा विलक्षण मुद्दा शेवटच्या तासाभरात उरकला गेला. आधुनिक भागासाठी आणखी एक दिवस वाढवला, तर मी पुन्हा नाव नोंदवेन.