खानदेश वाचायचा तर कुठून सुरुवात करावी?

पहिलं पुस्तक बहिणाबाईंचंच घ्या, पण सरसकट ‘अहिराणी कविता’ म्हणून नव्हे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची (1880-1951) बोली लेवा गणबोली, म्हणजे लेवा समाजाची बोली. संग्रह त्यांच्या पश्चात 1952 मध्ये आला, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. नवखा वाचक इथं शब्दांत अडतो आणि पुस्तक मिटतो. किल्ली सोपी आहे: ‘य’ खटकला की तिथं ‘ळ’ ठेवून बघा, ‘न’ खटकला तर ‘ण’. डोया म्हणजे डोळा, मानूस म्हणजे माणूस. ‘वढाय’ म्हणजे ओढाळ, दुसऱ्याच्या पिकात तोंड घालणारं ढोर. हे कळलं की ‘मन वढाय वढाय’ ही मनावरची कविता शेतातच उभी राहते. रोज दोनच, मोठ्यानं वाचा. मनातल्या मनात वाचलं तर ओवीची लय हाती लागत नाही.

मग यावल तालुक्यातल्या सांगवीचे नेमाडे. ‘कोसला’ (1963) आधी, ‘हिंदू’ (2010) नंतर. उलट केलंत तर ‘हिंदू’चा नायक खंडेराव याच्या आठवणींच्या गुंत्यात शंभर पानांतच दमछाक होते, आणि दोष लेखकाच्या माथी जातो. ‘कोसला’त कथानक शोधू नका, नायक पांडुरंगाचं ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ कुठं येतं ते बघत चला, विनोद तिथंच आहे. त्याची बहीण मनी हिच्या मृत्यूची पानं मात्र एका बैठकीत.

धरणगावचे बालकवी शाळेत पाठ करून घेतल्यामुळे वाया गेलेत. ‘औदुंबर’ पुन्हा काढा, आठच ओळी आहेत.