आरोग्य विम्याचे परीक्षण: विक्री चोख, दावा नामंजूर

आई-वडिलांसाठी घेतलेल्या पाच लाख रुपयांच्या फॅमिली फ्लोटर (दोघांना मिळून एकच विमारक्कम असलेल्या) आरोग्य विम्याचे हे परीक्षण आहे. मूळ पॉलिसी २०१८ मध्ये एका सरकारी विमा कंपनीकडे काढली होती. २०२२ मध्ये ती पोर्ट करून, म्हणजे आधीची वर्षे न गमावता कंपनी बदलून, एका मोठ्या खासगी कंपनीकडे नेली आणि २०२५ च्या पावसाळ्यात वडिलांच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या निमित्ताने तिच्यावर पहिला मोठा दावा केला. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या कार्यपद्धतीविषयी लिहायचे आहे ती कोणा एका कंपनीची मक्तेदारी नाही, आणि नाव दिले की वाचक ते नाव तेवढे टाळून निश्चिंत होतो.

आधी जे चांगले आहे ते सांगतो. पोर्ट करण्याची प्रक्रिया सुरळीत झाली, प्रतिनिधी शंकांना उत्तरे देत होता, ॲप मराठीतही चालते, आणि कॅशलेस रुग्णालयांची (जिथले बिल कंपनी थेट भरते त्यांची) यादी पुण्यापुरती तरी खरी निघाली. खोलीभाड्यावर मर्यादा नसलेली पॉलिसी निवडली होती, हेही बरे झाले. ज्यांच्या पॉलिसीत विमारकमेच्या एक टक्का वगैरे मर्यादा असते, त्यांनी महागडी खोली घेतली की फक्त भाडेच नव्हे, तर डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियागृहाचा खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो. औषधे, तपासण्या आणि शरीरात बसवलेली उपकरणे यांना ही कपात लावता येत नाही, असा २०२० पासूनचा नियम आहे; तो रुग्णालयाच्या बिलिंग खिडकीवरही फारसा कोणाला ठाऊक नसतो.

आता दावा. वडील दाखल झाले त्या रात्री ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरने नेहमीचे प्रश्न विचारले. बीपीची गोळी चालू आहे, हे वडिलांनी सांगितले. किती वर्षे, या प्रश्नावर पोटात कळा येत असलेल्या माणसाने "झाली असतील सात-आठ" असे उत्तर दिले आणि केसपेपरवर ‘आठ वर्षांपासून उच्च रक्तदाब’ अशी नोंद झाली. कंपनीने कॅशलेसच्या विनंतीवर आधी ‘क्वेरी’ पाठवली: रक्तदाबाच्या पहिल्या तपासणीचा केसपेपर सादर करावा. साताऱ्याच्या ज्या डॉक्टरकडे वडील वर्षानुवर्षे जात आहेत, तिथे असले जुने केसपेपर कोणी जपून ठेवत नाही. कागद आला नाही म्हणून कॅशलेस नाकारले गेले, बिल आम्ही भरले, आणि नंतर सादर केलेला परतफेडीचा दावाही ‘पूर्वीचा आजार जाहीर न केल्यामुळे’ नामंजूर झाला. सोबत पॉलिसी रद्द करण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवत असल्याची एक ओळ होती. पित्ताशयातील खड्यांचा रक्तदाबाशी काय संबंध, याविषयी पत्रात अक्षर नव्हते.

या पत्राची तपासणी थोडी सविस्तर करतो, कारण अशी पत्रे घरोघरी येत असतात. विमा नियामक आयआरडीएआयने २०२४ मध्ये नियम बदलले. पूर्वीच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ (ज्या काळात त्या आजाराचा दावा मिळत नाही तो) जास्तीत जास्त चार वर्षांचा होता, तो तीन वर्षांवर आणला. आणि सलग साठ महिने हप्ता भरलेल्या पॉलिसीवर माहिती दडवल्याचे कारण काढून दावा नाकारता येणार नाही, अशी तरतूद केली. त्याआधी हा काळ आठ वर्षांचा होता. विम्याच्या भाषेत याला मोरॅटोरियम म्हणतात आणि त्याला अपवाद एकच, तो म्हणजे सिद्ध झालेली फसवणूक. पॉलिसी पोर्ट केली तरी आधीच्या कंपनीकडची वर्षे धरली जातात. आमची पॉलिसी २०१८ पासून एकदाही खंडित झालेली नव्हती, आणि ‘पहिल्या विम्याची तारीख’ या रकान्यात कंपनीने स्वतःच ते वर्ष छापलेले होते. तरीही नामंजुरीच्या पत्रात मोजणी २०२२ पासून केली होती. म्हणजे पत्र लिहिणाऱ्याने आपल्याच कंपनीचा कागद उघडला नव्हता, किंवा उघडूनही वाचला नव्हता. त्याच नियमांनुसार कोणताही दावा तीन सदस्यांच्या दावा पुनरावलोकन समितीच्या मान्यतेशिवाय नाकारता येत नाही आणि नकारासोबत पॉलिसीतील नेमके कलम द्यावे लागते. कलमाचा क्रमांक दिलेला होता. समितीने काय पाहिले, कोणी पाहिले, हे विचारले असता ‘अंतर्गत बाब’ असे उत्तर मिळाले.

तक्रार निवारण कक्षाला मी शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनचे प्रमाणपत्र, रक्तदाबाच्या गोळीची सापडलेली सर्वांत जुनी चिठ्ठी (ती पोर्ट केल्यानंतरची होती) आणि पॉलिसीचे शेड्यूल पाठवले. उत्तरात आधीचेच पत्र नव्या तारखेने आले. ग्राहक सेवेच्या दूरध्वनीवर बोलणारी मुले अत्यंत नम्र होती आणि त्यांच्या हाती काहीही नव्हते. आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर नोंदवलेली तक्रारही शेवटी कंपनीकडेच उत्तरासाठी जाते, त्यामुळे तिथूनही तेच पत्र परत आले.

यानंतरचा टप्पा विमा लोकपालाचा, म्हणजे कंपनीविरुद्धच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याचा. महाराष्ट्रात ही कार्यालये मुंबई, ठाणे आणि पुणे येथे आहेत. कंपनीने तक्रार फेटाळल्यानंतर, किंवा एक महिना उत्तरच न दिल्यास, एका वर्षाच्या आत इथे जाता येते; शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि सुनावणी ऑनलाइनही होते. लोकपालाला ५० लाख रुपयांपर्यंत निवाडा देता येतो आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो. आमच्या प्रकरणात निवाड्याची वेळच आली नाही. सुनावणीची नोटीस निघाल्यावर कंपनीचा ईमेल आला की, ‘ग्राहकाप्रती सद्भावना’ म्हणून दावा मंजूर करण्यात येत आहे. दिवाळीनंतर रक्कम खात्यात जमा झाली, हातमोजे आणि तत्सम वस्तूंचे पैसे वजा करून आणि व्याजाशिवाय.

मला या परीक्षणात सांगायचे आहे ते मुख्यत्वे या ईमेलविषयी. कागदपत्रे तीच होती, नियम तोच होता, पॉलिसीही तीच होती. बदलले ते एवढेच की आता तिसरे कोणीतरी पाहणार होते. चुकीचा नकार देण्यासाठी कंपनीला काही किंमत मोजावी लागत नाही. बहुतेक लोक पहिल्या किंवा दुसऱ्या पत्रानंतर हेलपाटे घालणे सोडून देतात, आणि जे सोडत नाहीत त्यांना मूळ देणे तेवढे द्यावे लागते. लोकपालाचा निवाडा तीस दिवसांत न पाळल्यास दिवसाला ५,००० रुपये दंड आहे, परंतु तो निवाड्यानंतर लागतो. नोटिशीनंतर आणि निवाड्याआधी ‘सद्भावना’ दाखवली की दंडाचा प्रश्नच उरत नाही. नियमातली ही फट कोणत्याही हुशार व्यवस्थापकाला दिसेल, आणि दिसलेली आहे.

आयआरडीएआयच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात या व्यवहाराचा आकार दिसतो. त्या वर्षी आरोग्य विम्याच्या दाव्यांची एकूण रक्कम सुमारे १.१७ लाख कोटी रुपये होती. त्यातील ७१.२९ टक्के, म्हणजे ८३,४९३ कोटी रुपये, देण्यात आले. १०,९३७ कोटींचे दावे नाकारले गेले आणि १५,१०० कोटी रुपये पॉलिसीच्या अटींकडे बोट दाखवून अमान्य झाले. जाहिरातीत मात्र मंजूर दाव्यांची टक्केवारी झळकते ती दाव्यांच्या संख्येवर काढलेली असते. दोन लाखांच्या बिलावर नव्वद हजार दिले तरी त्या हिशेबात तो दावा मंजूरच धरला जातो. यातला प्रत्येक नकार अन्यायाचा होता, असे म्हणण्याचे कारण नाही. फुगवलेली बिले, गरज नसताना दाखल केलेले रुग्ण आणि विमा आहे म्हटल्यावर बदलणारे दर हा प्रकारही सगळ्यांना माहीत आहे, आणि रुग्णालयांच्या दरांवर आयआरडीएआयचा काहीही अधिकार चालत नाही. पण त्या भांडणात कापला जातो तो हप्ता भरणाराच.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये मनमोहन नंदा यांच्या प्रकरणात एक गोष्ट स्पष्ट केली होती. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका आलेल्या या विमाधारकाचा प्रवास विम्याचा दावा कंपनीने नाकारला होता. न्यायालयाने म्हटले की, विमाधारकाने प्रस्तावात सांगितलेली प्रकृती पाहून जोखीम जोखायची ती पॉलिसी देण्याआधी. एकदा पॉलिसी दिल्यावर त्याच आजाराकडे बोट दाखवून दावा फेटाळता येणार नाही. प्रत्यक्षात पासष्टी ओलांडलेल्या माणसाची पॉलिसी दूरध्वनीवरच्या चार प्रश्नांवर पोर्ट होते आणि त्याच्या प्रकृतीचा बारकाईने शोध सुरू होतो तो दावा आल्यावर. हा क्रम उलटवायला हवा. ठराविक वयापुढे कंपनीने स्वखर्चाने तपासणी करावी, आणि केली नसेल तर दडवल्याचा आरोप सिद्ध करण्याचा भार पूर्णपणे तिच्यावर असावा. नंतर मागे घेतलेल्या किंवा लोकपालाने फिरवलेल्या प्रत्येक नकारामागे विमाधारकाला ठरावीक भरपाई, व्याजासह आणि न मागता मिळावी. आणि असे किती नकार फिरले, कोणत्या कारणाचे होते, हे कंपनीवार प्रसिद्ध व्हावे. २०२५ मध्ये आयआरडीएआयने कंपन्यांनी अंतर्गत लोकपाल नेमावा असा मसुदा मांडला. ज्याचा पगार कंपनी देणार, त्याच्याकडून फार आशा धरण्यात अर्थ नाही. तरी त्याने फिरवलेले निर्णयही जाहीर करण्याचे बंधन असले, तर निदान मोजता येईल.

गुण द्यायचेच तर विक्री आणि ॲपसाठी पाचपैकी चार, कॅशलेस कक्षासाठी दोन, आणि तक्रार निवारणासाठी शून्य. तरीही पॉलिसीचे नूतनीकरण केले आहे. पोर्ट करायचे तर नूतनीकरणाच्या आधी अर्ज करावा लागतो, आणि नवी कंपनी वय व ताजी शस्त्रक्रिया पाहून तो फेटाळू शकते. उलट दावा केला एवढ्या कारणावरून जुन्या कंपनीला नूतनीकरण नाकारता येत नाही. हप्ता भरताना वडिलांचा रक्तदाब, गोळीचे नाव आणि तिची सापडलेली सर्वांत जुनी चिठ्ठी एवढे कंपनीला लेखी कळवले आणि पोच मागितली. पोच आली आहे. तिच्यात या माहितीची नोंद घेतल्याचे म्हटले आहे, आणि खाली ‘दाव्याच्या वेळी कंपनीचे सर्व हक्क राखून’ असेही छापलेले आहे.