विंडोज सेव्हन ठेवून संगणक सुधारायचा असेल तर : डीटीपी व्यावसायिकांसाठी तीन मार्गांची तुलना

तालुक्याच्या गावातील छापखान्यात किंवा डीटीपी सेंटरमध्ये (संगणकावर पाने जुळवण्याच्या दुकानात) आजही एखादा संगणक असा असतो की ज्याला मालक दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. त्यावर विंडोज सेव्हन असते, पेजमेकर ७ हा पानरचनेचा प्रोग्रॅम असतो, मराठी टंकनासाठी श्री-लिपी किंवा सी-डॅकचे आयएसएम असते, मागच्या पोर्टात डोंगल (तो लावल्याशिवाय प्रोग्रॅम चालत नाही अशी छोटी किल्ली) असतो आणि डिस्कवर दहा-पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, पावतीपुस्तके आणि स्मरणिका साठवलेल्या असतात. संगणक सुरू व्हायला पाच-सहा मिनिटे लागतात, मोठी फाइल उघडली की तो अडकतो, आणि मग प्रश्न उभा राहतो की ऑपरेटिंग सिस्टिम आहे तीच ठेवून आतले भाग बदलावेत, की सगळेच नव्याने घ्यावे.

‘जुने सोडा आणि युनिकोडवर (सर्व लिप्यांसाठीच्या समान अक्षरसंकेतावर) या’ हा सल्ला चुकीचा नाही, पण तो देणाऱ्याला बहुधा जुन्या फाइलींचा अनुभव नसतो. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ मधील आहे आणि तिला युनिकोड समजत नाही. त्या फाइलींतील मराठी मजकूर प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेल्या फॉन्टमध्ये आहे. रूपांतर करणारी साधने आहेत. परंतु रूपांतरानंतर रफार, जोडाक्षरे आणि ओळींची तोड पुन्हा तपासावी लागते, म्हणजे प्रत्येक जुन्या कामाचे प्रूफ नव्याने वाचावे लागते. शिवाय पेजमेकरच्या फाइली थेट उघडण्याची सोय इनडिझाइन या नंतरच्या पानरचना प्रोग्रॅममध्ये सीएस६ या आवृत्तीपर्यंतच होती, पुढच्या सीसी आवृत्त्यांत ती काढून टाकण्यात आली. तेव्हा नवे काम युनिकोडमध्ये सुरू करणे आणि जुन्या फाइलींसाठी जुनी व्यवस्था जिवंत ठेवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पुढील तुलना दुसऱ्या गोष्टीपुरती आहे.

मार्ग तीन आहेत. पहिला, मदरबोर्ड तोच ठेवून हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) लावणे आणि रॅम बदलणे. दुसरा, नवा मदरबोर्ड आणि प्रोसेसर घेऊन त्यावर विंडोज सेव्हनच टाकणे. तिसरा, विंडोज ११ असलेला नवा संगणक घेऊन त्याच्या आत आभासी यंत्र (प्रोग्रॅमने उभा केलेला दुसरा संगणक) म्हणून विंडोज सेव्हन चालवणे. निवड करताना माझी कसोटी एकच आहे : जो भाग बदलल्यावर ऑपरेटिंग सिस्टिमला नवा ड्रायव्हर (तो भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम) लागत नाही, तो भाग निर्धास्तपणे बदलावा, जिथे ड्रायव्हर लागतो तिथे तो विंडोज सेव्हनसाठी निघालेला आहे याची खात्री होईपर्यंत पैसे देऊ नयेत.

मदरबोर्ड तोच, डिस्क आणि रॅम नवी

२०११ ते २०१३ या काळात असेंबल करून घेतलेल्या यंत्रांत इंटेलच्या एच६१ चिपसेटचा (भागांना एकमेकांशी जोडणाऱ्या चिपचा) बोर्ड, दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचा आय३ प्रोसेसर, ४ जीबी डीडीआर३ रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क हा संच अगदी सर्रास आढळतो. अशा यंत्राच्या मंदपणाचे मुख्य कारण प्रोसेसर नसून हार्ड डिस्क असते. फिरणाऱ्या तबकडीवर इकडेतिकडे विखुरलेले शेकडो फॉन्ट आणि लहान फाइली वाचताना डोके सतत जागा बदलत राहते आणि त्यातच वेळ जातो. साटा (डिस्क बोर्डाला जोडण्याची पद्धत) एसएसडीत हा प्रकारच नाही. एच६१ बोर्डावरील साटा पोर्ट ३ गीगाबिटचे आहेत, त्यामुळे एसएसडीच्या वेष्टणावर छापलेला सेकंदाला ५५० एमबीचा वेग येथे मिळणार नाही, त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळेल. तरीही फरक बटन दाबल्या दाबल्या जाणवतो, कारण आपल्याला हवी असते ती लहान फाइली पटापट वाचण्याची क्षमता, आणि ती पोर्टच्या कमाल वेगावर फारशी अवलंबून नसते.

विंडोज सेव्हनला साटा एसएसडीसाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही आणि ट्रिमची (पुसलेल्या फाइलींची जागा एसएसडीला कळवण्याची) सोयही तिच्यात मुळातच आहे. एक खबरदारी मात्र घ्यावी. अनेक असेंबल यंत्रांत बायोसमध्ये (यंत्र सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) साटाची पद्धत आयडीई ही जुनी ठेवूनच विंडोज टाकलेले असते. एसएसडी लावली म्हणून घाईने ती एएचसीआय ही नवी केली तर यंत्र निळा पडदा दाखवून पुन्हा पुन्हा सुरू होत राहते. आधी रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत) एमएसएएचसीआय हा ड्रायव्हर सुरू करून मगच बायोसमध्ये बदल करावा लागतो. जुन्या डिस्कचे क्लोन (हुबेहूब प्रत) करून घ्यावे, नवी डिस्क चालते याची खात्री करावी आणि जुनी डिस्क पुसून न टाकता तारीख लिहून कपाटात ठेवावी. ५०० जीबीची डिस्क २५० जीबीच्या एसएसडीवर आणायची असेल तर आधी फाइली दुसरीकडे हलवाव्या लागतील, हे उघडच आहे.

रॅमच्या बाबतीत विक्रेत्याच्या आग्रहाला बळी पडण्याआधी आपले विंडोज ३२ बिटचे आहे की ६४ बिटचे, हे ‘सिस्टिम’च्या खिडकीत पाहावे. ३२ बिटचे असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम वाया जाते, आणि त्या ४ जीबीपैकीही प्रत्यक्षात सुमारे ३.२ ते ३.५ जीबीच वापरात येते. ६४ बिटमध्ये होम बेसिकला ८ जीबी आणि होम प्रीमियमला १६ जीबी ही मर्यादा आहे. प्रोफेशनलला अशी अडचण व्यवहारात येत नाही. मग ३२ बिटवरून ६४ बिटवर जावे का? त्यासाठी सगळे नव्याने टाकावे लागते, १६ बिटचे जुने प्रोग्रॅम आणि काही जुने इन्स्टॉलर ६४ बिटवर चालत नाहीत, आणि स्वाक्षरी नसलेले ड्रायव्हर ६४ बिट विंडोज स्वीकारत नाही, त्यामुळे डोंगलचा जुना ड्रायव्हर तेथे अडकू शकतो. पेजमेकर स्वतः ३२ बिटचा असल्याने त्याला जादा रॅमचा लाभ थोडाच. ज्यांचे काम फक्त पेजमेकर आणि कोरल ड्रॉच्या एखाद्या जुन्या आवृत्तीवर चालते, त्यांनी ३२ बिट सोडण्याचे कारण मला दिसत नाही. मोठमोठे फ्लेक्स फोटोशॉपमध्ये करणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

प्रोसेसर बदलायचाच असेल तर त्याच सॉकेटमधील तिसऱ्या पिढीचा आय५ जुन्या बाजारात, म्हणजे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणी, शोधता येतो. काही एच६१ बोर्डांना त्यासाठी आधी बायोस अद्ययावत करावे लागते. एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा डबा) जुना असेल तर मात्र तो या फेरीतच बदलावा, कारण तो जाताना इतर भागांनाही घेऊन जाऊ शकतो.

नवा बोर्ड, जुने विंडोज

सर्वाधिक फसगत या दुसऱ्या मार्गावर होते, आणि ती का होते हे समजून घेण्यासारखे आहे. विंडोज सेव्हन २००९ मध्ये आले. त्या वेळी यूएसबी ३ साठीचा ड्रायव्हर त्यात नव्हता, कारण कीबोर्ड आणि माऊस यूएसबी २ च्या नियंत्रकावर चालत. २०१५ मध्ये सहाव्या पिढीच्या प्रोसेसरसोबत आलेल्या चिपसेटमधून इंटेलने तो जुना नियंत्रकच काढून टाकला. परिणाम असा की अशा बोर्डावर विंडोज सेव्हनची डीव्हीडी लावली की भाषा निवडण्याचा पडदा येतो, पण माऊस हलत नाही आणि कीबोर्ड दाबला जात नाही. पीएस/२ चा गोल पोर्ट असलेला कीबोर्ड किंवा ड्रायव्हर मिसळून तयार केलेली इन्स्टॉलेशन प्रत, यांशिवाय पुढे जाता येत नाही.

सातव्या पिढीपासून अडचण केवळ तांत्रिक राहिली नाही. मायक्रोसॉफ्टने नवे प्रोसेसर फक्त विंडोज १० वर चालवण्याचे धोरण स्वीकारले आणि २०१७ पासून अशा यंत्रावरील विंडोज सेव्हनला अद्यतने देणे थांबवले. प्रोसेसरमधील ग्राफिक्ससाठीही ड्रायव्हर मिळाला नाही, म्हणजे मॉनिटर साध्या व्हीजीए पद्धतीने चालणार आणि पान पडद्यावर फुगलेले दिसणार. एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान, नव्या प्रकारची) एसएसडी ओळखण्यासाठी वेगळी दुरुस्ती टाकावी लागते. इंटेलच्या एएक्स२०० या वाय-फाय कार्डाला किमान विंडोज १० लागते. त्याहून अवघड अडचण बूट होण्याची आहे : विंडोज सेव्हनला यूईएफआय या बायोसच्या जागी आलेल्या पद्धतीतही जुन्या व्हीजीए सेवेचा आधार लागतो, तो आधार देणारी सीएसएम ही सोय नव्या बोर्डांतून नाहीशी होत गेली आहे, आणि ती नसली की यंत्र ‘स्टार्टिंग विंडोज’ या पडद्यावरच थांबते.

एवढे सगळे सोसून हाती काय लागते, तर वेगवान प्रोसेसर, ज्याचा पेजमेकरला उपयोग नाही. यात परवान्याचीही भर पडते. यंत्रासोबत आलेला ओईएम परवाना मूळ मदरबोर्डाशी बांधलेला असतो. वेगळा विकत घेतलेला रिटेल परवानाच दुसऱ्या यंत्रावर नेता येतो.

जुना बोर्ड जळालाच असेल तर या मार्गाचे एक सौम्य रूप मात्र उपयोगी आहे. चौथ्या पिढीच्या प्रोसेसरसाठीचे एच८१ किंवा बी८५ चिपसेटचे बोर्ड २०१३ च्या सुमाराचे आहेत. त्यांच्यावर यूएसबी २ चा नियंत्रक आहे, विंडोज सेव्हनसाठीचे चिपसेट, ग्राफिक्स आणि लॅनचे ड्रायव्हर मिळतात, आणि रॅमही डीडीआर३ असल्याने आधीची बहुधा तीच चालते. वापरलेला बोर्ड घेण्याची जोखीम आहे, म्हणून दुकानात पूर्ण जोडणी करून, सर्व यूएसबी पोर्ट तपासूनच घ्यावा.

नवा संगणक आणि त्याच्या पोटात जुने विंडोज

तिसऱ्या मार्गात व्हर्च्युअलबॉक्ससारख्या प्रोग्रॅममध्ये विंडोज सेव्हन बसवले जाते. बाहेरचा संगणक कितीही नवा असला तरी आतल्या विंडोजला एक ठराविक, जुन्या वळणाचे काल्पनिक यंत्र दिसते आणि त्याचे ड्रायव्हर आधीच तयार असतात. पुढे संगणक पुन्हा बदलला तरी आभासी डिस्कची फाइल नव्या यंत्रावर नेता येते, त्यामुळे दर पाच वर्षांनी हा प्रश्न नव्याने सोडवावा लागत नाही. यूएसबी डोंगल आतल्या यंत्राकडे वळवता येतो. तो प्रत्यक्ष ओळखला जातो का, हे मात्र खरेदीपूर्वी कोणाच्या तरी संगणकावर करून पाहावे. छपाई थेट आतून करण्यापेक्षा पीडीएफ काढून ती सामायिक फोल्डरमधून बाहेर आणणे सोपे पडते. आतल्या विंडोजलाही वैध परवाना लागतो, आणि बाहेरच्या संगणकात १६ जीबी रॅम असावी. खर्च अर्थातच तिन्ही मार्गांत सर्वाधिक; पण तेच यंत्र जीएसटी, ई-मेल आणि नव्या युनिकोड कामालाही वापरता येते, हे हिशेबात धरले पाहिजे.

सुरक्षिततेच्या बाबतीत तर हा मार्ग निर्विवाद पुढे आहे. विंडोज सेव्हनचा सर्वसाधारण आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. गुगल क्रोमची १०९ ही तिच्यावर चालणारी शेवटची आवृत्ती, म्हणजे २०२३ च्या आरंभापासून तोही दरवाजा बंद झाला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभर ज्या यंत्रांना कुलूप लावले, त्यांत विंडोज सेव्हनचीच संख्या मोठी होती, आणि त्याला रोखणारी विंडोजची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध असूनही अनेकांनी टाकलेली नव्हती. आता तर नवी दुरुस्ती येण्याचीच आशा नाही. आभासी यंत्राचे नेटवर्क एका खुणेने बंद करता येते आणि काम बिघडले तर आधीच्या स्नॅपशॉटवर (जतन केलेल्या स्थितीवर) परत जाता येते. पहिला किंवा दुसरा मार्ग घेणाऱ्याने लॅनची तार काढून ठेवावी, आणि ग्राहकाचा पेन ड्राइव्ह आधी दुसऱ्या, अद्ययावत संगणकावर तपासून मगच तेथे लावावा. व्हॉट्सॲपवर आलेला मजकूरही त्याच वाटेने न्यावा.

ज्यांच्याकडे विंडोज १० आहे त्यांची स्थिती वेगळी आहे. तिचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असला तरी घरगुती वापरकर्त्यांसाठी जाहीर झालेली वाढीव सुरक्षा अद्यतनांची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, आणि बहुतेक नव्या भागांचे ड्रायव्हर तिच्यासाठी मिळतात. अशा वेळी नवा बोर्ड घेण्यात गैर काही नाही. तो आठव्या पिढीचा किंवा पुढचा आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) असलेला घ्यावा, म्हणजे पुढे विंडोज ११ टाकताना अडणार नाही.

तेव्हा बोर्ड धडधाकट असेल आणि हाताशी पैसा मर्यादित असेल तर पहिला मार्ग. बोर्ड गेला असेल आणि काम केवळ जुन्या फाइलींचे असेल तर चौथ्या पिढीचा वापरलेला बोर्ड. नवा संगणक घ्यायचे ठरलेलेच असेल तर तिसरा. याला अपवाद एकच, आणि तो समांतर पोर्टात लागणाऱ्या जुन्या डोंगलचा. यूएसबीवरून समांतर पोर्ट देणारी स्वस्त तार छपाईयंत्रासाठी असते, डोंगल तिच्यावर सहसा ओळखला जात नाही, आणि व्हर्च्युअलबॉक्समधूनही तो भागेल अशी अपेक्षा धरू नये. असा डोंगल असलेल्यांनी बोर्ड चालू आहे तोवर विक्रेत्याकडे यूएसबी डोंगलच्या बदलीची चौकशी करावी, आणि ते न जमल्यास समांतर पोर्ट असलेला त्याच काळातील आणखी एक बोर्ड आताच मिळवून ठेवावा.