रॉड-रील झकास, शिसं मात्र घेऊ नका
पणजीतल्या एका दुकानातून मासे धरायला सात फुटी रॉड आणि २५०० साइजचं रील घेतलं, माल चांगलाय, पण दुकानदाराने सोबत गळ तळाला न्यायचं जड शिसं गळ्यात मारलं आणि तिथेच घोळ झाला. रायबंदरचा कॉजवे, म्हणजे तो सतराव्या शतकातला पोर्तुगीज पूल हो, तिथे सुकतीला, म्हणजे ओहोटीला, कडेला पाणी जेमतेम गुडघाभर, खाली नुसता चिखल, शिसं रुतून बसतं, तीन गळ गेले माझे. शेवटी शिसं काढून जिवंत सुंगट, म्हणजे कोळंबी, गळाला लावून तसंच सोडलं, भरती चढताना खारफुटीजवळ चोणक माशाने असा हिसका दिला की रील कर्रर्र करत सुटलं! ड्रॅग, म्हणजे दोरी सुटताना आवरणारा रीलचा ब्रेक, एकदाही अडकला नाही. रीलला पाचपैकी चार, शिशाला भोपळा. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा मात्र, मांडवी नदी तिथे खारी आहे.